माणसावाचून चेहरा

एप्रिल २०२३ मध्ये लंडन येथे एका जागतिक छायाचित्रण स्पर्धेच्या पारितोषिक समारंभात एक अनपेक्षित प्रकार घडला. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स या स्पर्धेच्या खुल्या गटातील सर्जनशील विभागाचे पारितोषिक बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताच्या ‘द इलेक्ट्रिशियन’ या कृष्णधवल चित्राला जाहीर झाले होते. चित्रात दोन स्त्रिया आहेत. एक पुढे, दुसरी तिच्या पाठीआड, तिला धरून उभी. दोघींच्या मुद्रेवर कसलीशी अव्यक्त भीती. पाहणाऱ्याला वाटावे की दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एखाद्या कुटुंबाच्या पेटीतून ही जुनी तसबीर बाहेर निघाली असावी. एल्डागसेन व्यासपीठावर गेले आणि त्यांनी पारितोषिक नाकारले. हे छायाचित्र नाही, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला शब्दांनी आज्ञा देऊन आणि निघालेले चित्र पुनःपुन्हा दुरुस्त करून ते सिद्ध केले आहे, असे त्यांनी सांगितले. स्पर्धांचे चालक या नव्या प्रकाराला सामोरे जाण्यास तयार आहेत काय, हे त्यांना पाहायचे होते.

पुढे काही दिवस वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती फसवणुकीची. कोणाला काय आधी ठाऊक होते, परीक्षक कसे चकले, छायाचित्रकारांच्या पोटावर पाय येणार की नाही, असे प्रश्न विचारले गेले. ते प्रश्न गैर नाहीत. परंतु त्या चित्राने उपस्थित केलेला मूळ प्रश्न त्यांच्या गर्दीत मागे पडला. चित्रातील त्या दोन स्त्रिया कधी जन्मल्याच नव्हत्या. त्यांना गाव नव्हते, नाव नव्हते, त्यांच्यावर कोणतेही संकट कोसळलेले नव्हते. तरीही त्यांच्या चेहऱ्यावरील भीती परीक्षकांना खरी वाटली. ती भीती मग आली कोठून, ती कोणाची, आणि तिची किंमत कोणाच्या पदरात पडते? श्रमजीवी माणसाच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे कलेच्या प्रांतातील किरकोळ भांडण म्हणून पाहणे परवडणारे नाही.

अशी चित्रे तयार करवून घेण्यासाठी यंत्राला जो मजकूर द्यावा लागतो त्याला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. उदास, गंभीर कृष्णधवल व्यक्तिचित्र हवे असेल तर या मजकुराचा एक ठरीव साचाच आता रूढ झाला आहे. वृद्ध शेतकरी, सुरकुत्यांनी भरलेला चेहरा, खोल गेलेले डोळे, एका बाजूने येणारा खिडकीचा प्रकाश, रेम्ब्रांट पद्धतीची प्रकाशयोजना, काळोखी पार्श्वभूमी, ८५ मिलिमीटरचे भिंग, ट्राय-एक्स फिल्मचे कण, १९३०च्या दशकातील दस्तऐवजी छायाचित्रांची शैली – अशी शब्दांची माळ गुंफायची. जे नको असेल त्याची वेगळी यादी द्यायची: रंग नको, गुळगुळीत त्वचा नको, सहावे बोट नको, हसू नको. काही क्षणांत चार चित्रे समोर येतात. त्यांतील एक निवडायचे, शब्द बदलायचे, पुन्हा चार मागायची. या मजकुरांचाही बाजार उभा राहिला असून २०२२ पासून ते काही डॉलरना विकत मिळतात.

या शब्दांकडे नीट पाहिले पाहिजे. यंत्राजवळ भिंग नाही, फिल्म नाही, खिडकी नाही. मग ‘८५ मिलिमीटर’ म्हटल्यावर चेहरा स्पष्ट आणि मागचा भाग धूसर का होतो? रेम्ब्रांटचे नाव घेताच अंधाऱ्या गालावर प्रकाशाचा छोटा त्रिकोण का उमटतो? कारण माणसांनी खरी भिंगे घेऊन, खऱ्या खिडकीपाशी खऱ्या माणसांना बसवून काढलेली असंख्य छायाचित्रे यंत्राला दाखवलेली असतात आणि त्यांच्या सोबत माणसांनीच लिहिलेली वर्णने त्याला पुरवलेली असतात. कोणते शब्द कोणत्या रूपाशी जोडले जातात, याचा हिशेब यंत्र त्यातून शिकते. प्रॉम्प्टमधील प्रत्येक शब्द हा अशा रीतीने इतरांच्या श्रमांच्या कोठाराची एकेक किल्ली असतो.

हे कोठार केवढे आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. लायन या जर्मनीतील ना-नफा संस्थेने २०२२ मध्ये इंटरनेटवरून वेचून तयार केलेल्या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्रे व त्यांची वर्णने यांच्या जोड्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारात आलेली स्टेबल डिफ्यूजन ही यंत्रणा या संग्रहाच्या भागांवर शिकवली गेली. त्यातील वर्णनांचा उगमही ध्यानात घेण्याजोगा आहे. चित्रांखाली दडलेला हा मजकूर लिहिण्याचा मूळ उद्देश, ज्यांना दिसत नाही अशा वाचकांना त्यांचे वाचकयंत्र तो वाचून दाखवील, हा होता. अंधांच्या सोयीसाठी लिहिल्या गेलेल्या ओळी पुढे अब्जावधींच्या उद्योगाचा कच्चा माल ठरल्या. लिहिणाऱ्यांना कोणी विचारले नाही, काढणाऱ्यांना विचारले नाही, आणि ज्यांचे चेहरे त्यात होते त्यांना विचारण्याचा तर प्रश्नच आला नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा व्यवहार नवा नाही. भांडवल म्हणजे साठलेले मृत श्रम होत, ही मार्क्सची मांडणी सुपरिचित आहे. येथे तर मृत श्रमांच्या जोडीला जिवंत माणसांचे न मोजलेले श्रमही त्याच राशीत ओतले गेले आहेत. रिकार्डोने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाची जी उपपत्ती सांगितली तिचीही येथे आठवण व्हावी. खंड घेणारा जमिनीची सुपीकता निर्माण करत नाही. ती त्याच्या कुंपणाच्या आत आहे, एवढ्याच बळावर तो वाटा घेतो. सर्व समाजाने दीडशेहून अधिक वर्षे पाहून, टिपून, वर्णन करून जी दृश्य सुपीकता निर्माण केली, तिच्याभोवती आता मोजक्या कंपन्यांनी कुंपण घातले आहे आणि आत येणाऱ्याकडून त्या दरमहा खंड घेत आहेत. प्रॉम्प्ट लिहिणारा स्वतःला या व्यवहारातील कलावंत समजतो. वस्तुतः त्याचे स्थान कुळासारखे आहे. मशागत त्याने करावी, औत आणि जमीन मात्र दुसऱ्याची.

यंत्राची मालकी आणि माणसाचे कर्तृत्व यांचा वाद न्यायालयांपुढेही जुनाच आहे. नेपोलियन सरोनी या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्डचे एक छायाचित्र काढले. एका मुद्रण कंपनीने त्याच्या ८५ हजार प्रती परस्पर छापल्या. कॅमेरा हे यंत्र आहे, तेव्हा छायाचित्राला कर्ता कसला, असा त्या कंपनीचा बचाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये तो फेटाळला. बसण्याची ढब, पोशाख, छायाप्रकाश यांची योजना सरोनीने केली, म्हणून तोच कर्ता, असा निवाडा झाला. आज १४० वर्षांनी तोच प्रश्न उलटा होऊन आला आहे. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने जानेवारी २०२५च्या अहवालात असे मत दिले की नुसता प्रॉम्प्ट देणाऱ्याचे चित्रावर पुरेसे नियंत्रण नसते, म्हणून तेवढ्याने तो कर्ता ठरत नाही. आपल्याकडील १९५७चा स्वामित्वहक्क कायदा, त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकाने निर्माण केलेल्या कृतीच्या बाबतीत ती निर्माण होण्यास जो कारण झाला त्याला कर्ता मानतो. कारण झाला कोण – आज्ञा देणारा, यंत्रणेची मालक कंपनी, की कोठार भरणारे कोट्यवधी अनाम हात? कायदा जेव्हा लिहिला गेला तेव्हा हा तिसरा पर्याय कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

मोठ्या भांडवलदाराने मोठ्या भांडवलदारावर केलेल्या दाव्यातूनही त्या अनाम हातांना काही मिळालेले नाही. छायाचित्रांचा प्रचंड साठा बाळगणाऱ्या गेटी इमेजेस या कंपनीने स्टेबिलिटी एआय या कंपनीविरुद्ध २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल लागला तेव्हा यंत्रणा छायाचित्रांच्या प्रती स्वतःत साठवत नाही, या कारणास्तव गेटीचे मुख्य म्हणणे अमान्य झाले. चोराने दागिना वितळवला की तो दागिना राहत नाही, तसाच हा न्याय वाटतो. आणि गेटी जिंकली असती तरी वाटा मिळाला असता तो साठ्याच्या मालकाला. छायाचित्रातला शेतकरी दोन्ही पक्षांच्या कैफियतीत कोठेच नव्हता.

परंतु प्रश्न केवळ मोबदल्याचा असता तर तो हिशेबाने सुटण्याजोगा होता. त्याहून खोल गोष्ट शब्द आणि चेहरा यांच्या नात्याची आहे.

लुइस हाइन हा समाजशास्त्र शिकलेला शिक्षक १९०८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालश्रम समितीसाठी छायाचित्रे काढत गिरण्या, खाणी आणि मासळीच्या कारखान्यांतून हिंडला. मालक आत येऊ देत नसत. मग तो कधी बायबल विकणारा होऊन, कधी आगीची तपासणी करणारा होऊन आत शिरे. खिशातल्या खिशात वहीवर टिपणे करी. मुलाची उंची विचारता येत नसे, म्हणून त्याने आपल्या कोटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते मोजून ठेवले होते. मूल शेजारी उभे राहिले की कोणत्या गुंडीपर्यंत त्याचे डोके आले, यावरून तो उंची लिही आणि तिच्यावरून वयाचा अंदाज बांधी. त्याच्या पाच हजारांहून अधिक चित्रांखालच्या ओळींत गिरणीचे नाव, गाव, दिनांक, मुलाचे वय, कामाचे तास अशी माहिती असे. आधी मूल, मग चित्र, मग शब्द, आणि त्या शब्दांची शहानिशा कोणालाही गिरणीच्या दारात जाऊन करता येई. १९१६ मध्ये अमेरिकेत बालश्रमाविरुद्ध पहिला संघीय कायदा झाला. १९१८ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि १९३८च्या कायद्याने अखेर ही बंधने पक्की झाली. त्या लढ्यात हाइनच्या चित्रांचा वाटा मोठा होता. तो स्वतः १९४० मध्ये दारिद्र्यात वारला.

प्रॉम्प्टमध्ये हा क्रम उलटतो. शब्द आधी येतात आणि चेहरा नंतर त्या शब्दांबरहुकूम घडवला जातो. हाइनच्या ओळी त्या मुलाला बांधलेल्या होत्या. प्रॉम्प्टच्या ओळी कोणालाही बांधलेल्या नाहीत. त्या असत्य आहेत असे म्हणण्याचीही सोय उरत नाही, कारण ज्याच्याशी ताडून पाहावे असा माणूसच अस्तित्वात नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. खऱ्या छायाचित्रांनी तरी गरिबांना न्याय दिला काय? आज उदास कृष्णधवल चित्र मागणारा ज्या शैलीचे नाव घेतो तिची जननी डोरोथिया लॅंग. मूळची सॅन फ्रान्सिस्कोतील श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढणारी ही बाई मंदीच्या काळात रस्त्यावर उतरली आणि सरकारी नोकरीत राहून तिने विस्थापित शेतमजुरांची चित्रे काढली. तिचा पती पॉल टेलर हा बर्कलीला अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. दोघांनी मिळून मजुरांच्या स्थलांतराचा अभ्यास केला आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्यांच्या छावणीत लॅंगने एका मातेची चित्रे काढली. दोन मुले तिच्या खांद्यांवर तोंड लपवून उभी, तान्हे मूल मांडीवर, हात हनुवटीशी. ते चित्र ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगभर गेले.

त्या बाईचे नाव लॅंगने विचारले नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे ते नाव जगाला कळले १९७८ मध्ये. मूळच्या चेरोकी वंशाच्या या बाईने तेव्हा तक्रार केली की आपल्या चेहऱ्यावर इतरांनी नाव मिळवले, आपल्याला मात्र एक पैसाही मिळाला नाही. अन्नासाठी कुटुंबाने मोटारीचे टायर विकले, ही चित्रासोबत फिरणारी हकीकतही तिच्या कुटुंबीयांनी खोडून काढली. चित्र वृत्तपत्रात आल्यावर सरकारने छावणीकडे वीस हजार पौंड अन्न धाडले खरे, पण तोवर थॉम्पसनचे कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांना उपचारांसाठी लोकांपुढे हात पसरावा लागला, आणि त्याच वर्षी ती गेली.

हा इतिहास लॅंगला निर्दोष ठरवत नाही. परंतु तो नेमके काय शिकवतो ते पाहिले पाहिजे. बेचाळीस वर्षांनी का होईना, चित्रातील बाई उठून म्हणू शकली की हे खोटे आहे, आणि माझा वाटा कोठे आहे? तिच्या मुलांनी मदत मागितली तेव्हा लोकांनी ती पाठवली, कारण तो चेहरा त्यांना ठाऊक होता आणि तो चेहरा एका माणसाचा होता. छायाचित्राने अन्याय केला, पण अन्यायाचा जाब विचारण्याची जागाही ठेवली. प्रॉम्प्टमधून निघालेली माता कधीही तक्रार करणार नाही. ती मोबदला मागत नाही, हकीकत खोडून काढत नाही, म्हातारी होत नाही, आजारी पडत नाही. तिचे सारे मूल्य याच मूकपणात आहे. ज्याला दारिद्र्याचे सौंदर्य हवे पण दरिद्री माणूस नको, त्याच्यासाठी इतका सोयीचा गरीब आजवर निर्माण झाला नव्हता.

आपल्या देशातही अशा चित्रांचा एक मोठा वारसा आहे. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली, आणि शासनाने दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ पुकारलाही नाही. त्या काळी सुनील जाना या तरुण छायाचित्रकाराने पी. सी. जोशी आणि चित्रकार चित्तप्रसाद यांच्यासमवेत बंगालमध्ये फिरून काढलेली छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रात प्रसिद्ध झाली. चित्तप्रसाद यांच्या रेखाचित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. बेचाळीसच्या लढ्यात कम्युनिस्ट पक्षाने घेतलेल्या भूमिकेशी समाजवाद्यांचे भांडण होते आणि ते मिटण्यासारखे नव्हते. तरीही जाना यांच्या छायाचित्रांचे मोल कोणी समाजवादी नाकारणार नाही. सरकार जे नाही म्हणत होते ते आहे, असे ती चित्रे सांगत होती.

त्या वेळी घरोघरी असे यंत्र असते तर काय झाले असते याची कल्पना करून पाहावी. सरकारला पुस्तिका जाळण्याचे कष्टच पडले नसते. ही चित्रे बनावट आहेत, एवढे म्हणणे पुरले असते. कृत्रिम चेहऱ्यांचा सुळसुळाट झाला की खोटे खरे मानले जाण्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा धोका हा, की खरे खोटे म्हणून झटकता येते. भुकेल्या माणसाच्या हाती पुराव्यावाचून दुसरे हत्यार थोडेच असते. तेच हत्यार येथे बोथट होते आहे.

आणि यंत्र जो गरीब घडवते तो तरी कसा असतो? २०२३ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात काही संशोधकांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. काळ्या आफ्रिकी डॉक्टरांनी आजारी गोऱ्या मुलांवर उपचार करावेत, असे चित्र त्यांनी यंत्राकडे वारंवार मागितले. यंत्र काळे डॉक्टर देऊ शके, पण उपचार घेणारी मुले जवळजवळ दर वेळी काळीच निघत. यात यंत्राचा दुष्टपणा नाही. कोठारात जे भरले होते तेच त्याने परत केले. दुःखी म्हणजे काळा, गरीब म्हणजे सुरकुतलेला, शेतकरी म्हणजे आकाशाकडे पाहणारा – हे वसाहतकाळापासून साठत आलेले पूर्वग्रह आता सरासरी काढून, घासूनपुसून, नवे म्हणून विकले जात आहेत. नको असलेल्या गोष्टींच्या यादीतील ‘हसू नको’ ही आज्ञा या दृष्टीने फार बोलकी आहे. खऱ्या शेतकऱ्याकडे गेलेल्या छायाचित्रकाराला तो कधी हसताना सापडतो, कधी चिडलेला, कधी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून निघून जाणारा. माणूस मागणीबरहुकूम उदास राहत नाही. संपावर बसलेली बाई पोळीभाजी वाटून खाताना मोठ्याने हसते, आणि तिच्या त्या हसण्यात मालकाला घाबरवणारी एक शक्ती असते. ती शक्ती यंत्राच्या उदास चेहऱ्यात उतरणार नाही, कारण ती मागण्याचे ग्राहकाला सुचणारच नाही.

आता हा प्रश्न चळवळीच्या दारात येऊन उभा आहे. मोर्चाचे पत्रक, शिबिराचा फलक, अंकाचे मुखपृष्ठ यांसाठी चित्र लागते. छायाचित्रकाराला द्यायला पैसे नसतात, गावी जायला वेळ नसतो. अशा वेळी विदर्भातील कर्जबाजारी शेतकऱ्याचा एक हेलावून टाकणारा चेहरा फुकट आणि क्षणात मिळत असेल, तर कार्यकर्त्याला मोह होणारच. मोहाला सबबही चांगली मिळते: खऱ्या माणसाची ओळख उघड न करता त्याचे दुःख मांडता येते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांच्या संघटनेने हाच विचार केला होता. कोलंबियातील २०२१च्या निदर्शनांवर पोलिसांनी केलेले अत्याचार सांगताना निदर्शकांना धोका पोचू नये, म्हणून तिने २०२३ मध्ये कृत्रिम चित्रे वापरली. एका चित्रात पोलिस ओढून नेत असलेल्या स्त्रीच्या अंगावरील राष्ट्रध्वजाचे रंगच चुकीच्या क्रमाने होते. टीका झाली आणि संघटनेने चित्रे मागे घेतली. अत्याचार खरे होते, नोंदी खऱ्या होत्या, साक्षी खऱ्या होत्या. एका ध्वजाच्या चुकीने त्या सर्वांवर संशयाची सावली पडली. ओळख झाकायचीच असेल तर छायाचित्रकारांना पाठमोरा माणूस, मातीत राबलेले हात, रिकामे अंगण टिपण्याचे मार्ग कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत. त्यांत चेहरा नसतो, पण माणूस असतो.

यंत्राला विरोध करणे हा समाजवादाचा मार्ग नव्हे. कॅमेरा आला तेव्हा हस्तिदंतावर तसबिरी रंगवणाऱ्या चित्रकारांचा धंदा बसला, आणि त्याच कॅमेऱ्याने पुढे गिरणीतले मूल जगाला दाखवले. ज्या मुलाला कॅमेरा विकत घेणे शक्य नाही त्याने या यंत्रणेतून आपल्या मनातील स्वप्ने आणि भुते साकार केली, आणि ती तशीच म्हणून दाखवली, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. एल्डागसेन यांनीही छायाचित्राच्या नावाने मिळणारा मान परत केला आणि आपल्या कृतीला वेगळे नाव मागितले. आक्षेप आहे तो मालकीला आणि साक्षीची नक्कल करण्याला.

म्हणून मागण्याही तशाच नेमक्या हव्यात. पहिली, समाजाच्या सामायिक कोठारातून जो नफा काढला जातो त्यात समाजाचा वाटा असला पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने एका कार्यपत्रात अशी सूचना केली की यंत्रांना शिकवण्यासाठी कृती वापरण्याची सरसकट परवानगी असावी, पण कंपन्यांनी त्याबद्दल स्वामित्वधन भरावे आणि ते एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटले जावे. दिशा योग्य आहे. परंतु वाटप केवळ नोंदणीकृत हक्कधारकांपुरते राहिले तर मोठ्या साठेदारांचीच भर होईल. या निधीचा एक भाग ग्रामीण व कामगार जीवनाची नोंद करणाऱ्या छायाचित्रकारांसाठी आणि सार्वजनिक चित्रसंग्रहांसाठी राखून ठेवावा, असा आग्रह लोकप्रतिनिधींनी धरावा. दुसरी, या उद्योगात निवडण्याचे आणि गाळण्याचे काम करणाऱ्या कामगारांना कामगार कायद्यांचे संरक्षण मिळावे. एका प्रसिद्ध संवादयंत्रासाठी हिंसक व बीभत्स मजकूर वेगळा काढणाऱ्या केनियातील कामगारांना तासाला २ डॉलरहून कमी पडत होते, हे जानेवारी २०२३ मध्ये उघड झाले. तिसरी, कृत्रिम चित्रावर तसा स्पष्ट शिक्का असावा. मात्र शिक्का हे पुरेसे औषध आहे असे कोणी समजू नये. शिक्का मारल्याने खोटी माता खरी होत नाही, आणि खऱ्या मातेला तिची जागा परत मिळत नाही.

चौथी गोष्ट मात्र कोणाकडे मागण्याची नाही, ती स्वतःच करण्याची आहे. श्रमिकांच्या संघटनांनी, त्यांच्या पत्रांनी आणि साप्ताहिकांनी असा नियम घालून घ्यावा की जिवंत माणसाच्या दुःखाविषयी बोलताना न जन्मलेल्या माणसाचा चेहरा छापायचा नाही. पैसे नसतील तर चित्रावाचून छापावे. छायाचित्र छापायचे तर ते माणसाच्या संमतीने, आणि त्याची हरकत नसेल तर त्याचे नाव, गाव व दिनांक यांसह. अंक निघाला की त्याची एक प्रत त्याच्या घरी पोचवावी, आणि काही चुकले असेल तर ते सांगण्याची मुभा त्याला द्यावी. यात खर्च होईल तो एस.टी.च्या तिकिटाचा आणि एका दिवसाचा. भ्रमणध्वनीतील कॅमेरा आज बहुतेक कार्यकर्त्यांच्या खिशात आहे. उणीव असलीच तर जाऊन भेटण्याच्या सवडीची.

हाइनने मुलांची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवर मोजली, कारण मोजण्याजोगे मूल त्याच्या शेजारी उभे होते आणि तो त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता. दारिद्र्याविरुद्ध लढणाऱ्यांची चित्रे कशी असावीत, याचा निकष आजही तोच आहे. ज्या चित्रासाठी कोणाच्याही शेजारी जाऊन उभे राहावे लागले नाही, ते कितीही गडद आणि हृदयद्रावक असले तरी त्या लढ्याच्या उपयोगाचे नाही.